फेल्टच्या पाटीवरून गाड्या घसरायच्या थांबल्या

खानापूरजवळच्या आमच्या बालवाडीसाठी मी प्लायवर निळं फेल्ट ताणून पाटी केली. एसटी, रिक्षा, रेल्वे, उसाचा ट्रॅक्टर, सगळं फेल्टचंच, फक्त चाकांना बटणं. पंधरा दिवसांत गाड्या घसरू लागल्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तर लावला की खाली! तो लावणारं पोर रडवेलं व्हायचं, ते मला बघवेना.

ट्रॅक्टर उलटा करून पाहिला. खिडक्या-चाकं चिकटवताना गोंद आरपार मुरून पाठ कडक, गुळगुळीत झाली होती. फेल्ट फेल्टला धरतं ते त्याच्या मोकळ्या तंतूंमुळे. तेच बसले होते. मग पाठीला नवीन फेल्टचा तुकडा चार टाक्यांनी शिवला, गोंद लावलाच नाही. पाटीवरची खडूची धूळ कपड्याच्या कोरड्या ब्रशने झाडली आणि पाटी भिंतीला थोडी मागे कलती ठेवली. कागदी चित्रांच्या मागे पॉलिश पेपर, खरखरीत बाजू बाहेर. चाकांची बटणं मात्र काढलीच. लहान मुलं तोंडात घालतात.

आता रोज ‘रेल्वे गेट’ खेळतो. गेट पडलं की अर्धी पोरं “थांब!” ओरडतात, अर्धी कानडीत “निल्लु!” ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट जागेवर असतो.