सॉफ्टवेअरला रेझ्युमे वाचता येईना? या चुका टाळा

‘एटीएसने रेझ्युमे उडवला’ हे वाक्य नोकरी शोधणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वाचायला मिळतं. एटीएस म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, कंपन्या आलेले अर्ज ज्यात साठवतात ते सॉफ्टवेअर. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर काहीच उडवत नसतं. ते फाइलमधला मजकूर उपसतं, नाव, पदवी, कंपनी, तारखा असे रकाने भरतं आणि मग एचआरवाले त्या रकान्यांत शोध घेतात. काही कंपन्या गुणही देतात, पण तेही या उपसलेल्या मजकुरावरच. उपसतानाच मजकूर सांडला तर तुम्ही कुणाला सापडणारच नाही.

म्हणून टेम्पलेट बदलण्याआधी एक तपासणी करा. पीडीएफ उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करा आणि सगळं नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच उमटलं नाही तर तो रेझ्युमे नव्हे, रेझ्युमेचा फोटो आहे. प्रिंट स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफचं असंच होतं. वर्डमधून थेट पीडीएफ काढा.

मजकूर उमटला पण ओळी एकमेकींत घुसल्या, तर दोष दोन कॉलमच्या देखण्या टेम्पलेटचा. डावीकडचं ‘जीएसटी रिटर्न’ आणि उजवीकडचं ‘२०२१ ते २०२३, अकाउंटंट’ यांची भेळ होते. सगळीच सॉफ्टवेअर इथे अडखळत नाहीत, पण समोरच्या कंपनीकडे कुठलं आहे हे आपल्याला कळत नाही. एकच कॉलम ठेवा. फोन नंबर आणि ईमेल वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. एक्सेलपुढे पाचपैकी चार ठिपके रंगवण्याचाही उपयोग नाही. पिव्होट टेबल येतं, व्हीलुकअप येतं, असं शब्दांत लिहा.

अनुवाद, डीटीपी किंवा पत्रकारितेसाठी मराठीत रेझ्युमे देणाऱ्यांनी फॉन्ट बघावा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पेस्ट केला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. सॉफ्टवेअरलाही तोच दिसतो. युनिकोडच वापरा.

आता खास आपल्याकडच्या चुका. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आणि अनेक जण रेझ्युमेच्या माथ्यावर तेच जसंच्या तसं उतरवतात. मग आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. नाव आधी, आडनाव शेवटी लिहा.

पदवीचंही तसंच. पुण्यात ‘ई अँड टीसी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण बेंगळुरूचा रिक्रूटर ‘ईसीई’ (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) किंवा ‘इलेक्ट्रॉनिक्स’ टाकून शोधतो. ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन’ असं पूर्ण लिहा, शेजारी संक्षेप द्या. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. तिथेही पूर्ण नाव आणि ‘एसपीपीयू’ दोन्ही असू द्या. टॅलीवाल्यांनी ‘ईआरपी ९’ आणि ‘प्राइम’ यांपैकी ज्यावर खरोखर काम केलंय ते नावानिशी लिहावं. नुसतं ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअर’ लिहिलेलं ‘टॅली’च्या शोधात येत नाही. जाहिरातीतला शब्द तुमच्या कामाला लागू पडत असेल तर तोच वापरा.

पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवण्याची युक्ती अजूनही कुणी ना कुणी सुचवतं. मजकूर उपसला की रंग जातो आणि लपवलेलं सगळं रिक्रूटरच्या डोळ्यांसमोर येतं. यापेक्षा वाईट पहिली ओळख कुठली?

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर अपलोड केलेली फाइल आणि प्रोफाइल या दोन गोष्टी आहेत. नवी फाइल चढवूनही प्रोफाइलमध्ये जुनंच पद आणि जुनंच शहर राहिलं, तर रिक्रूटरच्या गाळण्या (फिल्टर) त्या जुन्या माहितीवर चालतात.

आणि अर्ज केल्यावर काही मिनिटांतच नकाराचा मेल आला, तर आधी रेझ्युमेवर संशय घेऊ नका. नोटीस पीरिअड, अनुभवाची वर्षं, दहावी-बारावीला ६० टक्के आहेत का, अशा फॉर्ममधल्या प्रश्नांवर बऱ्याच कंपन्या थेट गाळणी लावतात. अनुभवाच्या रकान्यात घाईने शून्य पडलं असेल, किंवा वर्षांच्या जागी महिने, तर ते आधी शोधा. रेझ्युमे तिथे कुणी उघडलेलाच नसतो.