आगर कोणाचं ते कागदावर लिहून ठेवा : कोकणातल्या घरांसाठी मृत्युपत्राची माहिती

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या आगरात पोफळी एकावर एक आडव्या पडल्या, नारळ मुळासकट गेले, पडवीची कौलं शेजारच्या परसात जाऊन पडली. काका तेव्हा सत्तरीचे. त्या आगराला त्यांनी चाळीस वर्षं शिपणं (पाणी घालणं) केलेलं, बाकीची भावंडं मुंबईला गेली आणि हे एकटे राहिले. पंचनामा झाला, भरपाईची यादी लागली आणि मग कळलं की सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, सगळ्यांची संमतीपत्रं आणा. एक चुलतभाऊ दुबईला, एका आत्याची मुलं कुठे राहतात तेच नीट माहीत नाही, आणि काका छातीला पिशवी धरून एसटीने फिरतायत सह्या गोळा करत. त्या अकरा नावांत एक माझंही आहे. मी सही केली, पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आजोबा झोपाळ्यावर बसून दहा वेळा म्हणाले असतील, "आगर बाळचं, त्यानेच राखलंय." बाळ म्हणजे आमचे हे काका. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, आजही कोणी नाही म्हणत नाही. पण बोललेलं सातबाऱ्यावर चढत नाही. ती जमीन आजोबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली होती, म्हणजे एक पान लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तरी काकांचं काम झालं असतं.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते आधी बघू. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई यांना समान वाटा मिळतो. मुलींना मिळतो ते योग्यच आहे, माझा त्यावर काही आक्षेप नाही. माझं म्हणणं एवढंच की कायदा नातं मोजतो, कोण घरी राहिलं, कोणी आईबापाचं औषधपाणी केलं, कोणी विहिरीचा गाळ काढला हे मोजत नाही. ते मोजायचं असेल तर ज्याची मालमत्ता आहे त्यानेच जिवंतपणी लिहून ठेवायला लागतं. घरात लग्न न केलेली आत्या असेल, वहिनी असेल, पुतण्या असेल जो सगळं बघतो, तर अशा माणसाला वारसांच्या यादीत कदाचित जागाच नसते, मग तो वाटा मागणार कशाच्या जोरावर?

बायकांसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडे बायका मृत्युपत्र करतच नाहीत. हिंदू बाई विधवा असेल, मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः नोकरी करून कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या स्वतःच्या आईबापाचा नंबर त्यानंतर लागतो. हे वाचून माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका गप्पच झाल्या. त्यांचा दीर वीस वर्षांत घरी आला नाही आणि म्हातारी आई त्यांच्याकडेच असते. त्यांनी पंधरा दिवसांत मृत्युपत्र केलं.

आता कोण करू शकतं तर १८ वर्षं पूर्ण झालेला आणि शुद्धीवर असलेला कोणीही. म्हातारपणाची वाट बघायची गरज नाही. जहाजावर जाणारा पोरगा, ट्रॉलरचा मालक, लहान मुलं असलेलं जोडपं यांनी तर आधी करावं, कारण लहान मुलांचा पालक कोण असावा हेही त्यात लिहिता येतं. आणि आपल्याकडे जे म्हणतात ना, अभद्र कशाला बोलायचं, तर मृत्युपत्र केल्याने काहीही हातातून जात नाही. तुम्ही असेपर्यंत सगळं तुमचंच, उद्या मन बदललं तर फाडा, नवीन करा, शेवटचं जे असेल ते धरलं जातं. बक्षीसपत्राचं (हयातीतच मालमत्ता दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या दस्ताचं) तसं नाही, ते एकदा झालं की सहजासहजी परत घेता येत नाही, म्हणून हयातीतच घर मुलाच्या नावावर करून मोकळं होण्याआधी मृत्युपत्राचा विचार करा असं मी सगळ्यांना सांगतो.

सुरुवात कागदांपासून करा. आम्ही आईचं मृत्युपत्र केलं तेव्हा ट्रंकेतली सगळी कागदं पडवीत चटईवर पसरली, त्यात १९७० च्या आसपासच्या पावत्या, खरेदीखत, एक फाटका फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद) असं सगळं निघालं. ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढून घ्या, घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा घ्या (तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून एकट्यावर विसंबू नका), बँकेची पासबुकं, पोस्टातल्या ठेवी, विमा, शेअर्स, लॉकर, सोनं, मुंबईतली खोली असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. होडी असेल तर तिची नोंदणी. कर्ज असेल तर तेही लिहा, कारण देणी आधी फिटतात आणि उरेल ते वाटलं जातं.

मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की ही माझी स्वतः कमावलेली की वडिलार्जित. स्वतःची असेल तर ती पूर्ण, कोणालाही देता येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, भावाचा हिस्सा तुम्ही लिहून दिलात तर त्याला काही अर्थ नाही. कोकणात बऱ्याच जमिनी कुळकायद्यात मिळालेल्या आहेत, ३२ म चं सर्टिफिकेट (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) असतं घरात, तशी जमीन घरच्यांशिवाय बाहेरच्या कोणाला द्यायची असेल तर आधी वकिलाला दाखवा, तिथे अटी आहेत. आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे जमीन एकाची आणि त्यातली कलमं दुसऱ्याची, इतर हक्कात तशी नोंद असते, तर तीही बघून घ्या आणि लिहिताना जमीन आणि झाडं दोन्हीचा उल्लेख करा.

लिहिताना "माझी सगळी जमीन मोठ्याला" असं नका लिहू. गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा हे सगळं सातबाऱ्यावरून बघून उतरवा. आणि दोन गोष्टी ज्या नेहमी विसरतात त्या म्हणजे वाट आणि विहीर. एका भावाला वरची वाडी, दुसऱ्याला खालची आणि विहीर वरच्या वाडीत, मग दोन वर्षांनी पंप लावायचा की नाही यावरून बोलणं बंद होतं. आईच्या मृत्युपत्रात आम्ही स्पष्ट लिहिलं की विहिरीचं पाणी दोघांनी एकाआड एक दिवस घ्यायचं, पंपाचं लाईट बिल निम्मं निम्मं, आणि बेड्यापासून (फाटकापासून) खळ्यापर्यंतची (अंगणापर्यंतची) बैलगाडीची वाट दोघांच्या वहिवाटीची. देवघर आणि गणपती कोणाकडे तेही लिहिलं. आई म्हणाली हे आधी लिही, बाकीचं नंतर.

घर असेल तर कोणी शेवटपर्यंत राहायचं हे लिहिता येतं. म्हणजे मालकी मुलांची पण बायकोला किंवा बहिणीला हयातभर राहण्याचा हक्क. ही एक ओळ फार मोठं काम करते.

नमुना म्हणून सुरुवात अशी करता येईल : "मी, अमुक, वय इतकं, राहणार अमुक गाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. यापूर्वी केलेलं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं." मग घरातल्या सगळ्यांची नावं आणि नाती, ज्यांना काही देत नाही त्यांचीही, आणि का देत नाही किंवा कमी का देतो याचं एक साधं वाक्य, जसं की "थोरल्याला मुंबईत खोली घ्यायला मी पैसे दिले होते". कारण लिहिलेलं असलं की पुढे भांडायला जागा कमी राहते आणि पोरांच्या मनाला पण कमी लागतं. ज्याला देताय तो तुमच्याआधी गेला तर कोणाला, हे लिहा. शेवटी "याखेरीज माझ्या नावावर जे काही निघेल ते अमुक व्यक्तीला" ही ओळ टाका, कारण काहीतरी राहतंच. एक व्यवस्थापक नेमा, त्याला एक्झिक्युटर म्हणतात, शक्यतो गावात असणारा आणि हिशोबाला चोख.

स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं चालतं. स्टॅम्प ड्युटी शून्य. पण सह्यांचा भाग नीट करा कारण बहुतेक मृत्युपत्रं तिथेच अडकतात. भारतीय वारसा कायदा १९२५, त्यातलं कलम ६३ सांगतं की करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि कमीत कमी दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघितलेली पाहिजे किंवा "ही माझी सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं पाहिजे, आणि त्यांनी त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या करायच्या. मी म्हणेन की तिघं एकाच वेळी एकत्र बसा, प्रत्येक पानावर सही करा, खाडाखोड झाली तर तिथेही सह्या करा. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या, कारण पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. तेवढंच नाही, ज्या मुलाला जास्त मिळणार आहे त्यानेच वकील आणला, त्यानेच गाडीत घालून ऑफिसात नेलं असं होऊ देऊ नका, कोर्ट अशा गोष्टींना संशयास्पद परिस्थिती म्हणतं आणि मग सगळं सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो. आईच्या वेळी मी आणि भाऊ दोघेही खळ्यात बसलो होतो, आत आई, शाळेतले एक सर आणि आमचे गावचे डॉक्टर. डॉक्टरांनी आईची प्रकृती आणि शुद्ध व्यवस्थित असल्याचा दाखला त्याच तारखेचा दिला. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण साठीच्या पुढे घ्याच.

नोंदणीही सक्तीची नाही. तरी मी दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) जाऊन करून घ्या असंच सांगेन. फी नाममात्र असते, आधार, पॅन, फोटो आणि दोन्ही साक्षीदार बरोबर लागतात. खरेदीखतासारखी चार महिन्यांची मुदत मृत्युपत्राला नाही, कधीही नोंदवता येतं. कागद वाळवीने खाल्ला, पावसात भिजला तरी नक्कल मिळते, आणि आपल्या हवेत कागद किती टिकतो ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही हयात असेपर्यंत त्या मृत्युपत्राची नक्कल दुसऱ्या कोणाला मिळत नाही, त्यामुळे गुप्तता राहते.

नॉमिनी लावलाय म्हणजे झालं असं समजणारे खूप आहेत. नॉमिनी म्हणजे बँकेने किंवा सोसायटीने कोणाच्या हातात द्यायचं तो माणूस, त्यामुळे तो आपोआप मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा.

हे सगळं मी हिंदू घरांच्या हिशोबाने लिहिलंय. मुसलमान घरांत साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, त्यापुढे वारसांची संमती लागते. ख्रिश्चन असाल आणि मृत्युपत्रानंतर लग्न झालं तर आधीचं रद्द होतं, नवीन करा. सावंतवाडी-दोडामार्गच्या बाजूच्या लोकांची गोव्यात मालमत्ता असेल तर तिथला वारसा कायदा वेगळा आहे, तिथल्या वकिलाला विचारा. मुंबईत खोली असेल तर प्रोबेटचं (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून ठरवून घेण्याचं) काय ते मुंबईच्या वकिलाला आधीच विचारून ठेवा.

माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करायचा, तीन महिन्यांच्या आत, आणि मग बाकी वारसांना नोटीस जाते. म्हणून घरात निदान एका माणसाला तरी माहीत पाहिजे की कागद कुठे आहे. आईचा मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहे, एक झेरॉक्स व्यवस्थापकाकडे, आणि देवघरातल्या पितळी डब्यात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर आईच्याच अक्षरात दस्ताचा नोंदणी नंबर आणि तारीख. काकांचं मृत्युपत्र आता त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतंच होऊ शकतं, बाकी दहा जणांकडून हक्कसोडपत्र घ्यायचं काम गणपतीत सगळे आले की सुरू करतोय, पहिली सही माझी.