एलएल.बी.च्या प्रवेशापूर्वी कोणते काम करावे?

महाराष्ट्रात पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.चा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतील गुणांवर ठरतो. तेथे मुलाखत नसते आणि आधी केलेल्या नोकरीला स्वतंत्र गुणही नसतात. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठीही या नोकरीच्या काळाचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली असली, तरी ती वर्षे एलएल.बी. झाल्यावर बार कौन्सिलकडे (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे) होणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात. त्यामुळे प्रवेशाआधी वर्ष-दोन वर्षे नोकरी करायची असेल, तर ती ‘अर्जात शोभून दिसेल’ म्हणून निवडण्यात अर्थ नाही. माझ्या मते एकच कसोटी लावावी: या कामात रोज कोणते कागद आपल्या हातून जातील आणि त्या कागदांचे पुढे काय होते हे आपल्याला दिसेल का?

सर्वांना प्रथम सुचते ते वकिलांचे कार्यालय. तालुका किंवा जिल्हा न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामे पाहणारे वकील मिळाले, तर हा पर्याय खरोखरच चांगला. उद्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, पाहणे, वकीलपत्र दाखल करणे, नकलेचा अर्ज देणे, रोजनाम्यावरून (न्यायालयातील प्रकरणाच्या तारखवार नोंदीवरून) मागच्या तारखेला काय झाले ते टिपून ठेवणे, ही कामे वरकरणी कारकुनी असली, तरी दिवाणी प्रक्रिया संहिता वर्गात शिकताना ज्या पायऱ्या नुसत्या पाठ कराव्या लागतात, त्या येथे डोळ्यांसमोर घडतात. मात्र रुजू होण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट विचारावी: दाव्याचा मसुदा तयार होत असताना आणि पक्षकार बोलत असताना मला बसू दिले जाईल का? उत्तर गुळमुळीत आले, तर तुमचे वर्ष झेरॉक्सच्या दुकानात आणि पार्किंगमध्ये जाईल, असे समजावे. मराठी आणि इंग्रजी टंकलेखन येत असेल, तर मसुद्यांपर्यंत लवकर पोहोचता येते.

पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या वसुली विभागाकडे पदवीधर सहसा नाक मुरडतात. माझा कल मात्र तिकडेच आहे. न वटलेल्या एका धनादेशाचा प्रवास पाहा. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे धनादेश परत केल्याची चिठ्ठी, येतो. धनादेश न वटल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर पैसे भरण्यासाठी त्याला १५ दिवस असतात. ते उलटले की एका महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार दाखल करावी लागते. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, पोचपावती परत आली का, लिफाफ्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा आहे का, या तपशिलांवर पुढे उलटतपासणी रंगते. ही फाइल ज्याने स्वतः लावली आहे, त्याला मुदतीचा कायदा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पतसंस्थेत याच्या जोडीला सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याची प्रकरणेही पाहायला मिळतात. कर्जदाराच्या दारात उभे राहून दमदाटी करण्याचे काम गळ्यात पडत असेल, तर मात्र ती जागा सोडावी. कागदपत्रांचे काम वेगळे आणि ते वेगळे.

ग्रामीण भागात राहणाऱ्यांनी जमिनीच्या कामाचा विचार जरूर करावा. टायटल सर्च घेणाऱ्या, म्हणजे जमिनीची मालकी कागदोपत्री तपासणाऱ्या, वकिलाकडे काम केल्यास सातबारा, आठ-अ, फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय लागते. वारस फेरफारात बहिणींची नावे ‘इतर हक्कांत’ ढकललेली दिसतात, किंवा हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसल्याचे आढळते, आणि वाटपाच्या दाव्यांचे मूळ कोठे असते ते तेथेच कळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणूनही काम करता येते. त्यात कामाच्या दिवसापुरते मानधन मिळते, त्यामुळे त्यावर घर चालणार नाही. परंतु लोकअदालतीत तडजोड कशी घडते हे पाहण्यासाठी ते दुसऱ्या कामाच्या जोडीने करण्यासारखे आहे.

कंपनीच्या अनुपालन (कम्प्लायन्स) विभागातील किंवा विमा दाव्यांच्या विभागातील नोकरीलाही हीच कसोटी लावावी. करार किंवा दावा मुळापासून वाचायला मिळत असेल तर ठीक. नुसती माहिती भरायची असेल, तर पगारापुरतेच तिचे महत्त्व. पगार गौण आहे असे मी म्हणणार नाही. ज्युनिअर वकिलाच्या सुरुवातीच्या काळात उत्पन्न तुटपुंजे असते, आणि घरातून आधार नसणाऱ्याने आधी दोन वर्षे चांगल्या पगाराची, कायद्याशी संबंध नसलेली नोकरी करून शिल्लक टाकली, तर तो निर्णय मला पूर्णपणे शहाणपणाचा वाटतो.

नोकरी कधी सोडायची, हे ती धरतानाच ठरवावे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट आहे, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने ती जाहीर करून मालकाचे ना-हरकत पत्र द्यावे, असे तिच्या २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ‘कॉलेज नावापुरते, नोकरी पूर्णवेळ’ हा जुना बेत आता धरून चालू नये. नोकरीचा सूचना-कालावधी (नोटीस पिरियड) प्रवेश फेऱ्यांच्या आधी संपेल अशी आखणी करावी. सीईटीच्या अभ्यासासाठी रोजचे दोन तास मोकळे राहत नसतील, तर ती नोकरी कितीही चांगली असली तरी या वर्षासाठी नको.

निघताना कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र मागून घ्यावे. शिक्षणात खंड पडल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र अनेक महाविद्यालये मागतात, तेव्हा ही कागदपत्रे सोबत असलेली बरी. पाहिलेल्या प्रकरणांची टिपणवही ठेवावी, पण तीत पक्षकारांची नावे, गट क्रमांक किंवा खाते क्रमांक लिहू नयेत, आणि कार्यालयातील कागदांचे फोटो तर मोबाइलमध्ये मुळीच ठेवू नयेत.