गलाईला त्रिशूरकडं येणाऱ्या पोरांनो, घामोळ्याचं आधी समजून घ्या

विटा, खानापूर, आटपाडीकडनं इकडं केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला येताय, तर भाषेची नि भाताची काळजी करू नका. दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. घामाचं मात्र यायच्या आधीच समजून घ्या.

आपल्याकडं ऊन कितीही तापलं तरी हवा कोरडी, घाम आला की उडून जातो. इथं एप्रिल-मेमध्ये हवाच ओली, घाम अंगावरच राहतो. त्यात सोनं वितळतं 1064 अंशाला, आणि आपण दिवसभर त्या भट्टीपुढं. सतत भिजून कातडी फुगते, घामाच्या नळ्यांची तोंडं बुजतात आणि घाम आतल्या आत झिरपतो. तेच घामोळं. अगदी वरच बुजलं तर दवासारखे बारीक फोड येतात, खाज नसते, टॉवेल लागला तरी फुटतात. जरा खोल बुजलं की मानेवर, पाठीवर, कमरपट्ट्याखाली लाल पुरळ येतो आणि सुया टोचल्यागत होतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी खोबरेल चोळलं, वरनं पावडर थापली. घामात तिचा चिखल झाला, राहिलेली तोंडंही बुजली. खाजवून पू झाला. महिनाभर तसंच रेटलं. मग एक दिवस मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं उचलताना बघितलं तर बनियन कोरडं. मला बरंच वाटलं! पाठीवर काटा आल्यागत कातडीच्याच रंगाचे कडक दाणे होते, चेहरा तेवढा गळत होता. तासाभरात डोळ्यांपुढं अंधारी आली. नळ्या खोलवर बंद झाल्या होत्या, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. डॉक्टरांनी पंधरा दिवस भट्टीजवळ जाऊ दिलं नाही.

सैल सुती बनियनं तीन-चार आणा, भिजलं की बदला. दुपारी गार पाण्यानं अंघोळ करा, अंग टिपा, घासू नका, मग पंख्याखाली बसा. खाजेला कॅलामाइन लोशन पुरतं. मेडिकलवाल्याला विचारून स्टेरॉइडची ट्यूब लावू नका. जांघेत कडा असलेला गोल चट्टा म्हणजे नायटा, तो तिनं पसरतो. पहिले दोन आठवडे मधूनमधून भट्टीवरनं उठायला मागा. शेठ बहुतेक आपल्याच भागातला असतो, त्याला सांगायला लाजू नका.

आणि काम करताना घाम यायचा थांबला, डोकं गरगरलं, मळमळलं, तर तिथंच काम टाका नि दवाखाना गाठा. घरी फोन नंतर करा.