पुढच्या ब्रेकला घाबरू नका: सायकलस्वारांनो, या चुका टाळा

सायकलवर खर्च करायचा म्हटलं की चर्चा वजनाची होते. हलकी फ्रेम, हलकी चाकं, हँडलवर नवा मीटर. जीव वाचवणाऱ्या आणि दम वाचवणाऱ्या बऱ्याच गोष्टी मात्र सायकलवर आधीच बसवलेल्या असतात, फक्त त्या चुकीच्या वापरल्या जातात. सगळ्यात महागात पडणारी चूक ब्रेकची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

फक्त मागचा ब्रेक दाबणं

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील" हे लहानपणी बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि ते हातात कायमचं बसतं. प्रत्यक्षात ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर सरकतो. मागच्या चाकावरचा भार घटतो, त्याची रस्त्यावरची पकड कमी होते आणि ब्रेक करकचून दाबला की ते नुसतं घसरत जातं. कोरड्या डांबरावर फक्त मागच्या ब्रेकने वेग सेकंदाला साधारण 2.5 मीटर प्रतिसेकंद इतकाच उतरतो. पुढचा ब्रेक नीट वापरला तर हाच आकडा 5 पर्यंत नेता येतो. ताशी 30 किलोमीटर वेगाला याचा अर्थ असा: मागच्या ब्रेकने थांबायला सुमारे 14 मीटर, पुढच्याने सुमारे 7. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एक सेकंद गेला तर 8 मीटर त्याआधीच संपलेले असतात. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

मग माणसं पुढे फेकली जातात ती का? दोन कारणं असतात. लिव्हर झटक्यात आवळला जातो आणि हात ढिले राहतात. सायकल मंदावते, पण शरीर आधीच्याच वेगाने हँडलवर जातं. यावर उपाय सरावाचा आहे. मोकळी, कोरडी, सपाट जागा बघा. हळू वेगात पॅडल एका पातळीत ठेवा, ढुंगण सीटवर मागे सरकवा, हातांनी हँडलवर शरीर तोलून धरा आणि पुढचा लिव्हर हळूहळू दाबत न्या. मागचा ब्रेक अगदी किंचित लागलेला असू द्या. मागचं चाक घसरायला लागलं की त्यावरचा भार संपत आलाय असं समजा आणि पुढचा लिव्हर जरासा सोडा. हा अंदाज एकदा बोटांत आला की भीती जाते.

वळणावर, वाळूवर आणि रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्या ओल्या असताना मात्र पुढचं चाक घसरलं तर सावरणं जवळजवळ अशक्य असतं. तिथे वेग आधीच, सरळ रेषेत असताना उतरवा. आणि दुसऱ्याची सायकल घेतलीत तर निघण्याआधी कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा ते तपासा. देशागणिक ही रचना उलटसुलट असते.

ब्रेक किंचाळतो किंवा लागतच नाही

डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळची धातूची चकती पकडणारा) अचानक आवाज करू लागला आणि पकड गेली, तर पहिला संशय तेलाचा घ्या. चेनवर स्प्रे मारताना त्याचे तुषार डिस्कवर बसतात. बोटांचा चिकटपणाही नको. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल प्यायलेले पॅड मात्र सहसा बदलावेच लागतात. हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकचा लिव्हर दाबताना स्पंजासारखा मऊ लागत असेल तर नळीत हवा शिरली आहे. केबलचा लिव्हर हँडलला टेकत असेल तर आधी पॅड किती झिजलेत ते बघा, मगच केबल ताणा.

लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवणं हीसुद्धा चूकच. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर 100 मीटर खाली उतरताना सुमारे 83 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ब्रेक धरून हळू उतरलात तर ती जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर (रिमवर) घासणारा ब्रेक, असेल तर तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटू शकते. रस्ता पुढे दिसत असेल तिथे सायकल थोडी सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावा. मधल्या वेळात वारा रिम थंड करतो आणि बरीच ऊर्जा हवेचा विरोधच खाऊन टाकतो.

टायर दगडासारखा टणक

टायरच्या कडेवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. खडबडीत रस्त्यावर अति टणक टायर उड्या मारतो. ती ऊर्जा तुमच्या शरीराला हादरे देण्यात वाया जाते आणि पकडही सुटते. दर वेळी 5 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी करत जा आणि हँडलची थरथर कुठे शमते ते बघा. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे थोडी जास्त हवा ठेवा. हूकलेस रिम, म्हणजे टायर अडकवायला आतल्या कडेला आकडा नसलेली रिम, असेल तर 73 पीएसआयच्या वर जायचंच नाही.

हवा फार कमी केलीत तर ते पंक्चरच सांगतं. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. आतल्या बाजूला भोक असेल तर रिम टेप (रिममधली तारांची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे. बाहेरच्या बाजूला एकच भोक म्हणजे काटा किंवा काच. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर बसवा, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधल्या काट्याची जागा लगेच सापडते. तो न काढता नवी ट्यूब घातली तर तीही पंक्चर होणार.

रात्री फ्लुरोसंट जॅकेटवर विसंबणं

फ्लुरोसंट रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री ते किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे तो भडक पिवळा अंधारात विझतो. रात्री प्रकाश आल्या दिशेला परत पाठवणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या लागतात, आणि त्या पाठीपेक्षा घोट्यावर जास्त उपयोगी. वरखाली होणारे पाय दिसले की मागच्या चालकाला हा सायकलस्वार आहे हे चटकन कळतं. मागचा दिवा नुसता लुकलुकता ठेवू नका, त्यावरून अंतराचा अंदाज लागत नाही. सोबत एक स्थिर दिवा असू द्या.

मीटरच्या आकड्यावर चिडणं

समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असताना ताशी 30 ने जाणं म्हणजे हवेच्या दृष्टीने ताशी 45. विरोध सव्वादोनपट होतो. वेग पडला म्हणून दम गेला असं ठरवू नका. चाकाच्या सेन्सरवर मोजत असाल तर टायर बदलल्यावर मीटरमध्ये भरलेला चाकाचा परीघही बदला: 25 मिलिमीटर रुंद टायरचा साधारण 2105 मिलिमीटर, 28 च्या टायरचा 2136. जुनाच आकडा ठेवलात तर 100 किलोमीटरमागे जवळपास दीड किलोमीटर कमी दिसतो.

क्विक रिलीज नटासारखं फिरवणं

क्विक रिलीज म्हणजे पान्याशिवाय चाक काढता-बसवता येणारा लिव्हर. तो गोल गोल फिरवून आवळलेलं चाक पक्कं वाटतं, पण ते पक्कं नसतं. पलीकडचा नट हाताने इतकाच घट्ट करा की लिव्हर अर्ध्यावर आल्यावर जोर लागू लागेल, मग तो मिटवा. तळहातावर वळ उमटण्याइतका जोर लागला पाहिजे. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हे प्रत्येक वेळी तपासा, कारण ब्रेक लागताना ढिला अॅक्सल (चाकाचा आस) फ्रेमच्या खाचेतून बाहेर ढकलला जाऊ शकतो.