बाटलीचं बूच कातताय? मग या चुका टाळा

बूच दिसायला सोपं. मुठीत मावेल एवढा लाकडाचा तुकडा, लेथवर पंधरा मिनिटं, खाली तयार स्टीलचं किट फिरवून बसवलं की झालं. रीलमध्ये तर दीड मिनिटात होतं. म्हणूनच असेल, नवा छोटा लेथ घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात बूच करायला बसतो आणि दुसऱ्या आठवड्यात पिशवी घेऊन माझ्या शेडमध्ये येतो.

माझी बावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड कातण्यात गेली, लाकूड नंतर हाताला लागलं. त्यामुळे डोकं किती सुंदर कातलंय हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बूच उलटं धरतो आणि लाकूड नि स्टील जिथं भेटतात तिथं नख फिरवतो. नख अडकलं की बाकीचं बघायची गरज उरत नाही.

किट म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो. खाली निमुळता स्टीलचा भाग, त्यावर दोन-तीन सिलिकॉनच्या रिंगा, वर सपाट कॉलर आणि कॉलरमधून वर आलेला आट्यांचा स्टड. लाकडात भोक, भोकात आटे, आट्यांत स्टड. कातताना त्याच आट्यांचा दांडा, म्हणजे मँड्रेल, लेथच्या चकात (जबड्यात) धरायचा, त्यावर लाकूड फिरवून बसवायचं. काम झालं की मँड्रेलवरून काढून किटवर.

तीन सूत म्हणजे दहा एमएम नव्हे

मागच्या श्रावणात वडगावचा एक पोरगा बारा बुचं घेऊन आला. जांभळाची, आकार झकास, हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "काका, सुरुवातीला सैल जातंय, मग मधेच घट्ट होतंय. खरं घट्ट होऊन पण डुलायलंय."

मी बुचं बाजूला ठेवली आणि टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, दाखव म्हटलं. पिशवीतून निघाला एम दहाचा. दुकानात त्यानं तीन सुताचाच मागितला होता. तो संपलेला, म्हणून काउंटरवरचा म्हणाला, "दहा एमएम घेऊन जा की, सारखंच असतंय."

सारखं नसतं. अमेरिकी मापाच्या किटांचा स्टड ३/८ इंची असतो, म्हणजे आपले तीन सूत, साडेनऊ एमएम. एका इंचात १६ आटे. एम दहाच्या टॅपचा व्यास दहा एमएम आणि इंचात आटे जवळपास १७. लोखंडात ही चूक लगेच हाताला कळते. लाकूड मऊ पडतं, ते सोसतं. स्टड आट्यांचे कंगोरे चेंगरत स्वतःची वाट करून घेतो आणि आपल्याला वाटतं, बसलं. मग पोरानं जे सगळे करतात तेच केलं: भोकात अॅराल्डाइट ओतलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी बाराच्या बारा बुचं आपापल्या मर्जीनं कलंडून वाळलेली. माझ्या फळीवर ओळीनं उभी केली, तर लग्नात जेवणाची पंगत कधी बसते म्हणून बारा माणसं बारा दिशांना बघतायत असं वाटत होतं. प्रत्येकाच्या कॉलरखाली एका बाजूनं नख सरळ आत जात होतं.

"फटीत पुट्टी भरू का काका?"

"भिंतीला भर."

शेवटी किटं काढली, भोकं १२ एमएमपर्यंत मोठी केली, जांभळाचेच गोल तुकडे कातून, रेषा रेषेला जुळवून, गोंदानं ठोकून बसवले आणि पुन्हा पहिल्यापासून भोक. दोन रविवार गेले. टॅप घेताना किट खिशात घालून नेलं असतं, तर पाच मिनिटांत निभावलं असतं. माझी सवय हीच: किट आणि पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायच्या दातेरी पट्ट्या) बरोबर नेतो आणि दुकानदाराच्या समोर आटा जुळवून बघतो. हसतो तो. हसू दे.

तीन सुताच्या टॅपला भोक अडीच सुताचं. ८ एमएमचं बिट चालतं, मी तेच वापरतो. खोली मात्र स्टडच्या लांबीपेक्षा एक सूत जास्त, कारण टॅपचं टोक निमुळतं असतं आणि तळाशी आटे पुरे पडत नाहीत. तळाला स्टड टेकला की वर कॉलर लाकडाला लागत नाही, मग लोक पकडीनं पिळतात आणि लाकूड उभं फुटतं. टॅप हातानं, अर्धा वळसा पुढे, पाव मागे. आटे पडले की पातळ फेविक्विकचे चार थेंब आत, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुन्हा तोच टॅप. आडव्या कापाच्या तोंडात आटे तसे भुसभुशीतच पडतात, त्यांना या थेंबांनी जीव येतो. "एवढं कशाला" म्हणणाऱ्यांची बुचं तीन महिन्यांनी हातात येतात: डोकं हातात, स्टील बाटलीत.

भोक हँड ड्रिलनं पाडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तुकडा लेथच्या चकात, बिट टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाच्या, चकात, स्पीड पाचशेच्या आसपास, आणि दर अर्ध्या इंचाला बिट बाहेर काढून भुसा झटकायचा. भुसा अडकला की बिट तापतं, आतून लाकूड करपतं आणि डोक्यावर बारीक तडा उमटतो, तोही पॉलिश केल्यावरच दिसतो. आमचे मेस्त्री गोकाककडचे, कन्नड बोलणारे. माझं बिट आत जायला लागलं की मागून एकच शब्द यायचा: "निधान." हळू. आता मेस्त्री नाहीत, पण चाकावर हात गेला की तो शब्द ऐकू येतो आणि हात आपोआप सैल पडतो.

भोकाआधी तुकड्याचं तोंड साफ करून घ्या. तेही नुसतं सपाट नको, मध्याकडे केसभर खोलगट हवं, म्हणजे कॉलरला फक्त कडा टेकते आणि फट दिसत नाही. कॉलरचा व्यास प्रत्येक किटाचा व्हर्नियरनं मोजा. एका पाकिटातल्या दोन किटांत फरक मिळालाय मला. आणि या कडेवर कृपा करून पॉलिश पेपर घासू नका. बोटाखालचा पेपर कड गोल करतो, मग स्टीलला लागताना छोटी खाच दिसते, जणू बुचाला मान नाहीच. शेवटचे दोन एमएम मी धारदार हत्यारानं काततो आणि तसेच सोडतो.

एका मिनिटाची चकाकी

ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

सुरुवातीच्या काळात गोव्यातल्या एका दुकानानं चाळीस बुचं मागवली, फेणीच्या बाटल्यांसाठी. सिसवाची केली. पॉलिशला चपडा लाख घेतली, स्पिरिटमध्ये विरघळवून. लेथ फिरत असताना कापडानं दाबून धरली की उष्णतेनं एका मिनिटात आरशासारखी चकाकी येते. सावंतवाडी नि चन्नपट्टणची खेळणी लाखेवरच तर चमकतात. मी खूश. चोर्ला घाटातून स्वतः नेऊन दिली.

तीन आठवड्यांनी फोन. "अहो, तुमच्या बुचांना टिश्यू पेपर चिकटतोय."

जाऊन बघतो तर कॉलरच्या वर पांढुरके डाग, काहींची लाख बोटाला लागतेय, एकावर तर टिश्यूचे तंतू कायमचे रुतलेले. लाख कशात विरघळवली होती? स्पिरिटमध्ये. फेणीत काय असतं? तेच की, अल्कोहोल. ओतताना एक थेंब बाटलीच्या तोंडावर राहतो, बूच लावताना तो कॉलरच्या वर चढतो आणि रोज थोडी थोडी लाख खात बसतो. खेळण्यावर दारू कोण सांडतं? म्हणून तिथं लाख पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बुचावर नाही टिकली. चाळीस नग खोक्यात भरून पावसात घाट चढून परत आलो, कणकुंबीला चहा प्यायला थांबलो तेव्हा पहिल्यांदा हसू आलं.

आता मी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, वापरतो. पातळ हात, चार वेळा, मधे एकेक दिवस. तिसऱ्या हातानंतर ४०० नंबरचा पेपर अगदी हलका. शेवटच्या हातानंतर आठवडाभर कुणाला हात लावू देत नाही, स्वतःलाही नाही. घाई असेल तर फेविक्विकचे पातळ थर देऊन चकाकी आणतात, तेही अल्कोहोलला टिकतं, पण त्याचा धूर डोळ्यांत जातो, दार उघडं ठेवूनच. बूच मधाच्या किंवा तेलाच्या बाटलीचं असेल तर लाख लावा की खुशाल, कोण नको म्हणतंय.

एक मात्र: पॉलिश कॉलरखालच्या तोंडावर किंवा भोकात जाऊ देऊ नका. त्यावर अॅराल्डाइट धरत नाही.

पावसातलं लाकूड

खानापूरच्या लाकडाच्या वखारीत जुलैमध्ये गेलात, तर लाकूड हाताला गार लागतं. ते गारपण म्हणजे पाणी. असं लाकूड कातायला लोण्यासारखं असतं, म्हणून नवख्यांना फार आवडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी झाली की लाकूड आवळायला लागतं. मधला स्टीलचा स्टड काही आवळत नाही. दोघांच्या भांडणात फुटतं ते लाकूडच.

मी तुकडे ४० एमएम चौरस, ६५ एमएम लांब कापून ठेवतो, दोन्ही टोकांना मेण लावतो आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं वजन लिहितो. किचनचा डिजिटल काटा पुरतो. दर रविवारी वजन. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही, तर तुकडा कातायला घेतो. तोही पावसात शक्यतो नाहीच. मायक्रोवेव्हमध्ये सुकवायचा प्रयोग मी एकदा केला, आतून करपलेला वास दोन दिवस घरात होता आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही.

त्यापेक्षा जुन्या घरांचं लाकूड शोधा. गावाकडं वाडा पाडला की खांब, तुळया कवडीमोलानं जातात. सागवान, फणस, सिसव, सगळं वाळून खडखडीत. फक्त कापायच्या आधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. तुटलेला खिळा आत असला, तर हत्याराची धार तर जातेच, तुकडाही उडून अंगावर येतो.

सिसवाबद्दल एक कानावर घालतो. परदेशातल्या कुणाला चार बुचं पाठवायचा बेत असेल, तर सिसव ज्यातलं, त्या डाल्बर्जिया वंशातली लाकडं २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, आधी नियम विचारून घ्या. आणि त्याचा भुसा नाकात गेला की काहींना शिंका, काहींना अंगावर पुरळ. मास्क लावा.

बाकीचं, चालता चालता

ओपनर, कॉर्कस्क्रू आणि बूच असा सेट करायचा असेल, तर तिन्ही एकाच फळीतून, लागून लागून कापा. फणस असेल तर जास्तच जपा. ते पिवळंधमक असतं आणि उजेडात तपकिरी होत जातं. सेटमधलं एक कपाटात राहिलं, तर सहा महिन्यांनी ते दुसऱ्याच झाडाचं वाटतं.

पितळी किट दिसायला श्रीमंत, पण कोकम आगळाच्या बाटलीला लावलं की हिरवं पडतं. चकाकतं स्वस्त किटही आंबट पदार्थात खड्डे पडून फुलतं. ३०४ स्टीलच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

वाईनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण साडेअठरा एमएमचं. तेलाची, सरबताची बाटली वेगळी. आधी मोजा, मग किट घ्या.

डोकं भलंमोठं करू नका. रिकामी बाटली आडवी होते.

टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, लाकडापासून लांब ठेवणाऱ्याला मी लेथला हात लावू देत नाही. हातमोजे घालून आलेल्यालाही नाही, मग तो पाहुणा असला तरी.

लाईट गेली की पहिल्यांदा स्विच बंद. बिट लाकडात अडकलेलं आणि तुम्ही आत पाणी प्यायला गेलाय, तेवढ्यात लाईट येते, हे आमच्याकडं रोजचं आहे.

आणि बूच वाकडं चिकटलंच असेल, तर पकडीनं ओढू नका. रिंगा आधी काढून ठेवा. तापलेलं सोल्डरिंग आयर्न कॉलरच्या खालच्या अंगाला टेकवून तीन-चार मिनिटं धरा. अॅराल्डाइट उष्णतेनं नरम पडतं. मग जाड फडक्यात स्टील धरून उलटं फिरवा. पहिला कर्र आवाज आला की थांबा, अजून एक मिनिट तापवा, मग पुन्हा. किट वाचतं, लाकूडही बहुतेक वेळा वाचतं. स्टडवरचा जुना गोंद तारेच्या ब्रशनं साफ करा आणि भोकात टॅप एकदा फिरवून घ्या. तीन सुताचा.