फोमच्या रिमोट-कंट्रोल जेटची पॉवर सिस्टिम निवडताना या चुका टाळा

कपाटात ३एसची (तीन सेलची) २२०० एमएएचची बॅटरी पडून आहे, तिच्यावर चालेल असा फॅन (जेटच्या नळीत बसणारा, मोटरवर फिरणारा पंखा) बघू. बहुतेकांची खरेदी इथून सुरू होते. माझीही झाली होती. ते ६४ मिमी फॅनचं जेट हातातून सुटलं, नाक वर केलं आणि पन्नास पावलांवर गवतात बसलं.

हिशेब दुसऱ्या टोकाने करा: आधी बॅटरीसकट अंदाजे वजन, मग थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर), मग अँपिअर, बॅटरी सगळ्यात शेवटी. हाताने सोडायच्या जेटला वजनाच्या ८० टक्के तरी थ्रस्ट हवा. गवतावरून चाकांवर उडवायचं असेल तर मी वजनाइतका धरतो. पुढे प्रॉपेलर असलेल्या विमानात त्याची हवा शेपटीवर येते, म्हणून वेग नसतानाही एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ऐकतो. जेटमध्ये फॅनची हवा नळीतून सरळ मागे निघून जाते. वेग येईपर्यंत स्टिक ओढून काही होत नाही.

खोक्यावर छापलेला थ्रस्ट बहुधा सुटा फॅन टेबलावर ठेवून, तोंडाला गोल ओठ लावून मोजलेला असतो. मॉडेलच्या अरुंद इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडात) तो मिळत नाही. मी १५ टक्के आधीच वजा करतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘एक सेल वाढवू, जोर येईल’. त्याच मोटरला ३एसऐवजी ४एस लावली, तर फेरे एक तृतीयांशाने वाढतात, पण करंट जवळपास पावणेदोन पट होतो. ३५ अँपिअर ओढणारा फॅन हिशेबाने ६०च्या घरात जातो आणि ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) धूर सोडतो. सेल वाढवायचे तर मोटर कमी केव्हीची (दर व्होल्टला कमी फेरे घेणारी) घ्या.

बॅटरीच्या लेबलावरच्या ‘सी’चंही (ती किती करंट देऊ शकते त्याचा आकडा) खोक्यावरच्या थ्रस्टसारखंच. २२०० एमएएच आणि ३०सी म्हणजे कागदावर ६६ अँपिअर; मी निम्मेच खरे मानतो. पहिलं अर्धं मिनिट झकास, मग जेट सुस्त, उतरल्यावर पॅक गरम आणि फुगलेला? मोटरला दोष देऊ नका, बॅटरी कमी पडतेय. आणि ५० अँपिअरवर फुल थ्रॉटल दिला, तर २२०० एमएएचचा ८० टक्के चार्ज दोन मिनिटांत संपतो. तेवढ्यात उतरायचंही असतं.

आवाज मोठा पण थ्रस्ट नाहीच, तर फॅन उलटा फिरतोय. मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. घरघर येत असेल तर रोटर (फॅनचा फिरणारा भाग) बॅलन्स करा. ईएससी मागे बसवायचा म्हणून बॅटरीकडच्या वायरी लांबवू नका, त्याचे कपॅसिटर मार खातात. लांबवायच्याच तर मोटरकडच्या. ईएससी फोममध्ये गाडूनही टाकू नका, त्याला वारा लागू द्या.

हे सगळं पकडायला बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायचा, करंट दाखवणारा साधा वॉटमीटर पुरतो. मॉडेल घट्ट धरून, पूर्ण चार्ज बॅटरीवर दहा सेकंद फुल थ्रॉटल द्या. अँपिअरचा आकडा ईएससीच्या रेटिंगच्या ८० टक्क्यांवर गेला, तर मैदानावर जायच्या आधी ईएससी बदला.